कृष्णाकाठ_६४ बाराशे-तेराशेतच का घुटमळतोय? ६० डावांचा पंचनामा

दुहेरी_प्यादी (सांगली)

आपल्या सांगलीच्या ऑनलाइन गटात कृष्णाकाठ_६४ हा आयडी सगळ्यांना माहीत आहे. चेस डॉट कॉम या साइटवर रॅपिडमध्ये (जलद डावांत) आठशे रेटिंगवरून, म्हणजे ताकदीच्या आकड्यावरून, बाराशेला तो झपाट्याने आला, आणि गेले चार महिने ११९० ते १२९० या पट्ट्यात वर-खाली चाललंय. त्याच्या परवानगीने शेवटचे ६० डाव (सगळे १० मिनिटांचे, चालीमागे वाढीव सेकंद नाहीत) एकेक करून पाहिले. इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम, मुद्दाम सगळ्यात शेवटी लावलं. दिसलं ते मांडतो. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे कान धरावा.

आधी खेळण्याची पद्धत. पांढऱ्याने कायम ई४ (पटाच्या उभ्या रेघा ए ते एच, आडव्या रांगा १ ते ८; नुसतं घर लिहिलं की प्याद्याची चाल, × म्हणजे मारलं). समोरून ई५ आलं की घोडा एफ३, उंट सी४, आणि काळ्याचा घोडा एफ६ ला दिसला रे दिसला की घोडा जी५. डोळा एफ७ वर. काळ्याने खेळताना ई४ ला डी५, म्हणजे स्कँडिनेव्हियन. वजिराने प्यादं परत मारायचं आणि घोडा सी३ आला की वजीर ई५ वर नेऊन शह. शह मिळतोय म्हणून शह. डी४ ला ठरलेलं काहीच नाही, रोज नवा प्रयोग.

हल्ला मिळाला तर हा माणूस त्याच्या आकड्यापेक्षा बराच वरचा खेळतो. एका डावात उंट×एच७ शह, राजा×एच७, घोडा जी५ शह हा जुना मारा त्याने नीट मोजून खेळलाय. राजा जी८ ला परत गेला तर वजीर एच५ सगळ्यांनाच दिसतं. खरी कसोटी राजा जी६ ला वर आला तर. घड्याळाच्या नोंदीत उंट देण्याआधी ५० सेकंद गेलेले दिसतात, म्हणजे तेही पाहूनच उंट दिला.

हल्ला नसला की मात्र हाताला काम हवं म्हणून एच४, जी४. स्वतःचा राजा अजून ई१ वर, हत्ती कोपऱ्यात झोपलेले, आणि प्यादी निघाली लढाईला.

हिशेब असा. ६० पैकी २८ जिंकले, २९ हरले, ३ बरोबरीत. हरलेल्या २९ मध्ये ८ डावांत ओपनिंगचा हल्ला पंधराव्या चालीच्या आत विझला. ८ डावांत समोरचा सरळ चांगला खेळला, त्याला काही म्हणणं नाही. उरलेले १३ डाव असे, की कधी ना कधी हा एक अख्खा मोहरा किंवा त्याहून जास्त पुढे होता. त्यातल्या ९ डावांत हरताना याच्या घड्याळात निम्म्याहून अधिक वेळ शिल्लक होता. माझ्या मते सगळी गोम या नऊ डावांत आहे.

नमुन्याला एक डाव. पांढरा (हा) : राजा जी१, हत्ती डी१, घोडा सी३, प्यादी ए२, एफ२, जी२, एच२. काळा : राजा जी८, हत्ती ई८, प्यादी ए७, डी६, एफ७, जी७, एच७. एका प्याद्याच्या बदल्यात अख्खा घोडा वर. काळ्याने नुकताच हत्ती ई८ ला आणलाय. चाल पांढऱ्याची. याने चार सेकंदांत हत्ती×डी६ मारलं. हत्ती ई१, मात. एफ१ आणि एच१ काळ्या हत्तीच्या रेषेत, समोर स्वतःचीच तीन प्यादी, आणि सी३ चा घोडा ना ई१ ला मारू शकतो ना एफ१ ला आडवा येऊ शकतो. मारायच्या आधी फक्त एच३ केलं असतं, किंवा राजा एफ१ ला घेतला असता, तर डी६ चं प्यादं काही पळून जात नव्हतं. घड्याळात सहा मिनिटं दहा सेकंद होते.

त्याला ‘मागच्या रांगेची मात’ माहीत नाही असं अजिबात नाही. पझलमध्ये, म्हणजे सोडवायला दिलेल्या कोड्यांत, हीच मात तो दोन सेकंदांत देतो. स्वतःवर येणारी दिसत नाही.

उंट_जी२ (मिरज)

पंचनामा झकास. ओपनिंगपुरतं बोलतो.

घोडा जी५ ने आठशे-हजारला भरपूर डाव मिळतात, कारण तिथे काळा डी५, ई×डी५ नंतर घोडा×डी५ मारतो. मग घोडा×एफ७, राजा×एफ७, वजीर एफ३ शह. डी५ चा घोडा वाचवायचा तर काळ्याच्या राजाला ई६ वर, भर चौकात येऊन उभं राहावं लागतं. बाराशेच्या वर लोक घोडा×डी५ मारत नाहीत, घोडा ए५ करतात. मग उंट बी५ शह, सी६, ड×सी६, ब×सी६. आता उंटावर प्याद्याचा मार आहे. कृष्णाकाठ इथे उंट ए४ ला नेतो, आणि तो उंट पुढे वीस चाली डावाबाहेर बसतो. उंट ई२ घेतला तरी एच६, घोडा एफ३, ई४, घोडा ई५ असं पळावंच लागतं. एक प्यादं वर आहे हे खरं, पण काळ्याचे मोहरे भराभर बाहेर येतात आणि पांढऱ्याचे घरात. इंजिन इथे जवळपास बरोबरी दाखवतं. इंजिनची बरोबरी म्हणजे माणसाची बरोबरी नव्हे; ही जागा खेळायला काळ्याला सोपी आहे.

तुमचे ते आठ विझलेले हल्ले बहुतेक इथलेच असणार.

उपाय म्हणून ओपनिंग बदलायची गरज नाही, फक्त चौथी चाल बदला. घोडा जी५ ऐवजी डी३. मग सी३, किल्लेकोट (राजा दोन घरं हत्तीकडे, हत्ती उडी मारून त्याच्या पलीकडे), हत्ती ई१, आणि बी१ चा घोडा डी२ वरून एफ१, तिथून जी३. क्रम पाळा. हत्ती ई१ ला गेल्याशिवाय घोड्याला एफ१ मोकळं होत नाही, आणि मग डी२ चा घोडा आपल्याच सी१ च्या उंटाची वाट अडवून बसतो. काळा घोडा ए५ करून सी४ च्या उंटावर येऊ शकतो, म्हणून सवड मिळाली की उंट बी३ ला सरकवून ठेवा. सी३ झालेलं असेल तर पुढे सी२ ची पळवाट राहते. या रचनेत पंचवीस चालींपर्यंत फारसं काही घडत नाही असं वाटतं, पण घोडा जी३ वरून एफ५ ला बसला की हल्ला आपोआप येतो. याच्या स्वभावाला तो हल्ला जास्त मानवेल, कारण तोवर राजा सुरक्षित असतो.

भडंग_स्पेशल

वजीर ई५ चं कुणीच बोलंना म्हणून मीच बोलतो.

शह दिला. समोरच्यानं उंट ई२ केलं. आता पुढं? घोडा एफ३ येणार, वजीर पळणार. डी४ येणार, परत पळणार. समोरचा एकेक मोहरा बाहेर काढायलाय आणि आपला वजीर गणपती पेठेत गिऱ्हाईक हिंडल्यागत हिंडायलाय. फुकटात तीन चाली दिल्या की राव.

स्कँडिनेव्हियन सोडू नका, चांगली ओपनिंग आहे, पाठांतर कमी. घोडा सी३ ला वजीर ए५. मग घोडा एफ६, सी६ आणि उंट एफ५ नाहीतर जी४. सी६ कशासाठी, तर वजिराला सी७ नाहीतर डी८ ला परतायची वाट पाहिजे. ती वाट नसली की पांढरा उंट डी२ ला आणून सी३ चा घोडा उडवतो, आणि वजिरावर आपसूक मारा येतो. आणि उंट बाहेर काढल्याशिवाय ई६ करायचं नाही. याच्या डावात ई६ आधी होतंय, मग सी८ चा उंट शेवटपर्यंत कोंडलेला.

डी४ ला रोज नवीन प्रयोग बंद. डी५, सी४ आलं तर ई६, घोडा एफ६, उंट ई७, किल्लेकोट. बास. वर्षभर हेच. यातपण सी८ चा उंट कोंडतो, पण इथं तो पुढं बी६ करून बी७ ला काढता येतो.

कुजी

तीन बरोबऱ्यांकडे कुणी पाहिलं का? मी पाहिल्या. त्यातल्या दोन माझ्या नावाच्या आहेत, म्हणजे कुजी : राजाला शह नाही, पण कुठलीच चालही उरलेली नाही, म्हणून डाव बरोबरीत. दोन्ही वेळा याच्याकडे राजा-वजीर, समोर एकटा राजा. काळा राजा एच८ वर, याने वजीर जी६ ला आणला, चाल काळ्याची. जी८, जी७, एच७ तिन्ही घरं बंद, शह नाही. संपलं. कोपऱ्यातल्या राजापासून घोड्याच्या चालीइतक्या अंतरावर वजीर ठेवला की कुजी होते, एवढं डोक्यात पक्कं बसवा.

पद्धत सोपी आहे. वजिराने राजाला कडेच्या रांगेत ढकला, त्याला हलायला दोन घरं उरली की वजीर तिथेच सोडा आणि आपला राजा चालत आणा. राजा जवळ आल्याशिवाय वजिराला हात लावू नका. वजीर आणि एकटा राजा हा शेवट संगणकाविरुद्ध रोज दोनदा, आठवडाभर. नंतर हत्ती आणि राजा.

दुसरं म्हणजे प्यादं आठव्या घरात गेलं की आपोआप वजीर होण्याची सेटिंग चालू दिसतेय. ती बंद करा. एकदा तरी ‘वजीर केला तर कुजी होईल, हत्ती करू’ हा विचार करायला थांबाल.

तिसरी बरोबरी जास्त शिकवणारी आहे. पांढरा (हा) : राजा डी३, प्यादं ई२. काळा : फक्त राजा, ई६ वर. चाल पांढऱ्याची. जिंकलेला शेवट. याने ई४ केलं आणि बरोबरी दिली.

बरोबर चाल राजा ई४. राजा पुढे, प्यादं मागे. आता काळ्याला हलायचंय. डी६ ला गेला तर पांढरा एफ५ ला घुसतो, एफ६ ला गेला तर डी५ ला, मागे ई७ ला गेला तर ई५ ला. शिवाय ई३ ही एक चाल खिशात राखून आहे. दोन राजे समोरासमोर अडून बसले की ती खर्चायची.

ई४ केल्यावर काय होतं पाहा. राजा ई५, राजा ई३, राजा ई६ (सरळ मागे), राजा डी४, राजा डी६, ई५ शह, राजा ई६, राजा ई४, राजा ई७ (परत सरळ मागे), राजा डी५, राजा डी७, ई६ शह, राजा ई७, राजा ई५, आणि आता राजा ई८. डी८ किंवा एफ८ ला गेला असता तर काळा हरला असता. ई८ नंतर राजा डी६, राजा डी८, ई७ शह, राजा ई८, आणि प्यादं राखायचं तर राजा ई६, कुजी. समोरचा साडेबाराशेचा असून हे सगळं बिनचूक खेळला. म्हणजे त्याने हे कुठेतरी बसून शिकलंय, आपल्याने नाही.

राजा-प्यादं विरुद्ध राजा पाटावर मांडून दोन्ही बाजूंनी खेळा. जुन्या माणसांनी शेवट आधी शिकवायची पद्धत ठेवली होती ती उगाच नाही.

कृष्णाकाठ_६४

सगळ्यांना दंडवत. दुहेरी_प्यादी काका, एवढे डाव तुम्ही बघाल असं वाटलं नव्हतं. दोन शंका आहेत.

१) माझं पझलचं रेटिंग १९५० आहे. डावात १२५०. इतका फरक कसा?

२) एका हरलेल्या डावात साइटने माझ्या चालींची अचूकता ८६ टक्के दाखवली, एका जिंकलेल्यात ६४. मग हा आकडा बघायचा की नाही?

पेन_आणि_वही (विश्रामबाग)

पहिल्या शंकेचं उत्तर : पझल उघडलं की तुम्हाला आधीच सांगितलेलं असतं, ‘इथे काहीतरी आहे’. डावात ती घंटा कुणी वाजवत नाही. शिवाय पझलमध्ये वार बहुतेक वेळा तुमचा असतो. समोरच्याचा वार शोधायची सवय त्यातून लागत नाही, आणि वरचा हत्ती×डी६ त्याचीच पावती. दोन्ही आकडे वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवरचे आहेत, त्यांची वजाबाकी करू नका. तसंच लिचेस (खेळायची दुसरी साइट) आणि चेस डॉट कॉमचंही. लिचेसवर नवा खेळाडू १५०० पासून सुरू होतो आणि या पातळीला तिथला आकडा साधारण जास्तच दिसतो. तिकडे पंधराशे झाले म्हणून इकडे पेढे वाटू नयेत.

पझल कसं सोडवायचं ते बदला. उत्तर पूर्ण दिसेपर्यंत मोहऱ्याला बोट लावायचं नाही. पहिली चाल ‘बरी वाटते’ म्हणून खेळून बघणं बंद. दिवसाला १०–१२ पुरे, पण प्रत्येकात समोरच्याचं सगळ्यात चिवट उत्तर शोधून. आठवड्यातले दोन दिवस विषय लावून करा. लिचेसवर विषयवार पझल फुकट आहेत. त्यात मागच्या रांगेची मात, पिन (हलला तर मागचा मोठा मोहरा जाईल असा बांधलेला मोहरा) आणि बचावाच्या चाली हे तीन घ्या. बचावाचे पझल कंटाळवाणे असतात. तुम्हाला तेच हवेत.

दुसरी शंका : अचूकता डाव कसा होता यावर ठरते. मोहरे पटापट मारले गेले, चाली उघड होत्या, तर दोघांचीही ऐंशीच्या वर जाते. गुंतागुंतीच्या डावात चांगला खेळूनही साठ-पासष्ट येते. चाळीस चाली नीट आणि एक चाल मातीत, तरी सरासरी छानच दिसणार. टक्क्यांऐवजी इंजिन डावाचा जो आलेख दाखवतं त्यातला कडा बघा. कुठल्या चालीवर रेघ धाडकन पडली आणि त्या चालीला किती सेकंद दिले, या दोनच नोंदी वहीत.

इंजिन लावण्याआधी हरलेल्या डावाबद्दल तीन ओळी पेनाने लिहा : कुठे बिघडलं असं वाटतं, तेव्हा काय डोक्यात होतं, समोरच्याची कुठली चाल दिसली नव्हती. मग इंजिन. इंजिनची पहिली पसंती आणि तुमची चाल यात ०.३ प्याद्याचा फरक असेल तर पुढे चला, तो आपल्या कामाचा नाही. दीड-दोनच्या वर फरक पडला तिथेच थांबायचं.

दुहेरी_प्यादी (सांगली)

@पेन_आणि_वही, सहमत. त्या १३ डावांची यादी तुमच्या पद्धतीने परत पाहिली. घात झालेल्या तेरा चालींपैकी अकरा चाली दहा सेकंदांच्या आत खेळलेल्या आहेत. आणि त्यातल्या आठ ‘काहीतरी मारलं’ या प्रकारच्या आहेत. प्यादं दिसलं, उचललं.

मोहरा वर असताना करायचं ते उलटं असतं. मोहरे मारामारीत कमी करा, प्यादी राखा. वजिरावर वजीर मिळत असेल तर घ्या. याला वजीर द्यायला जीव होत नाही, हल्ला संपेल असं वाटतं. पण घोडा वर असताना वजीर पटावर ठेवणं म्हणजे समोरच्याला लॉटरीचं तिकीट देणं.

भडंग_स्पेशल

दहा सेकंदाचं कारण दहा मिनिटाचा डाव. घड्याळ पळतंय म्हटल्यावर हात पळणारच. १५ + १० खेळा म्हणावं, म्हणजे १५ मिनिटं आणि चालीमागं १० सेकंद.

कुजी

असहमत. नऊ डावांत निम्म्याहून जास्त वेळ उरलाय हो. वेळ कमी पडलेला नाही, वापरलेला नाही. १५ + १० मध्ये हाच माणूस बारा मिनिटं शिल्लक ठेवून हरेल.

भडंग_स्पेशल

तसं न्हवं. दहा मिनिटात शेवटाला वेळ पुरणार नाही ही धास्ती असती, म्हणून माणूस आधीपासनं साठवत बसतोय. कंजूष जसा पैसा साठवून मरतोय तसं. चालीमागं १० सेकंद मिळणार माहीत असलं की ती धास्ती जाते. ४० चालींच्या डावाला प्रत्येकाला २१ मिनिटं ४० सेकंद होतात. दोघांचे मिळून पाऊण तास. रोज एकच डाव खेळा, पण हाच.

कुजी

धास्तीचा मुद्दा मान्य. पण मग वाटणी ठरवून द्या, नुसता वेळ वाढवून नको. माहितीतल्या पहिल्या ८–१० चाली दोन मिनिटांत. पुढच्या पंधरा चालींत एकूण आठ-नऊ मिनिटं खर्च झालीच पाहिजेत. आणि मोहरा वर आलात की पहिल्याच चालीला किमान ३० सेकंद हात मांडीखाली. अक्षरशः मांडीखाली. त्या ३० सेकंदांत एवढंच बघायचं : समोरच्याची आत्ताची चाल कशासाठी होती, मी आत्ता काहीच केलं नाही तर त्याचा शह कुठला, मार कुठला, धमकी कुठली. आणि मला खेळायची ती चाल खेळल्यावर हेच परत एकदा. हत्ती×डी६ च्या वेळी दुसऱ्यांदा विचारलं असतं तर ई१ चा शह लगेच दिसला असता, पटावर काळ्याला तो एकच शह होता.

उंट_जी२ (मिरज)

मोबाईलवर खेळतोस का रे? साठातल्या दोन डावांत वजीर शेजारच्या घरात पडलेला दिसतो. ती विचाराची चूक नाही, बोट घसरलंय. सेटिंगमध्ये चाल पक्की करायचं बटण असतं ते रॅपिडपुरतं चालू ठेव. एखादा सेकंद जातो, पण वजीर वाचतो.

कृष्णाकाठ_६४

होय, मोबाईलवरच. चालू करतो. आणि पुढच्या महिन्यात समोरासमोरची रॅपिड स्पर्धा आहे, नाव घातलंय. ऑनलाइनवाल्याला तिथे काय आडवं येतं?

पेन_आणि_वही (विश्रामबाग)

बरंच काही.

हात लावला की तोच मोहरा खेळायचा. मोहरा नीट ठेवायचा असेल तर आधी ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणायचं, तेही आपली चाल असतानाच. किल्लेकोट करताना आधी राजा, आणि एकाच हाताने. आधी हत्तीला हात लावून मग राजाला लावलात तर त्या बाजूचा किल्लेकोट करता येत नाही, हत्ती हलवावा लागतो. ऑनलाइनवाले इथे हमखास अडकतात. घड्याळ त्याच हाताने दाबायचं ज्याने चाल केली.

तुमच्यासाठी खास : प्यादं आठव्या घरात नेऊन तसंच ठेवलं, वजीर मांडला नाही आणि घड्याळ दाबलं, तर ती नियमबाह्य चाल धरतात. रॅपिडमध्ये पहिल्या नियमबाह्य चालीला समोरच्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात, दुसरीला डाव जातो. शह बसलाय हेही पाट ओरडून सांगत नाही, लाल घर उजळत नाही.

सपाट चित्रावरून उभ्या मोहऱ्यांवर आल्यावर लांबचे तिरपे मारे दिसत नाहीत, विशेषतः आपल्या बाजूच्या कोपऱ्यातून निघणारा उंट. आजपासून पझलमधले निम्मे खऱ्या पटावर मांडून सोडवा. पट स्पर्धेच्या मापाचा घ्या : राजा साडेनऊ सेंटिमीटर, घर ५ ते ६ सेंटिमीटर. चुंबकाच्या छोट्या पटावर सवय होत नाही. फोन बंद करून पिशवीत, नाहीतर घरी.

रेटिंगची स्पर्धा असेल तर फिडेची (जागतिक बुद्धिबळ संघटनेची) किमान पातळी मार्च २०२४ पासून १४०० आहे. पहिलं रेटिंग निघायला रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव लागतात, आणि हिशेबात १८०० च्या खेळाडूंशी दोन काल्पनिक बरोबऱ्या धरतात. त्यामुळे तो आकडा ऑनलाइनशी जुळवत बसू नका.

दुहेरी_प्यादी (सांगली)

अवांतर : किल्लेकोट उशिरा करायची याची खोड पाहून देशी पट आठवला. आपल्या जुन्या पद्धतीत हा किल्लेकोट नव्हता. राजाला डावात एकदा, शह बसण्याआधी, घोड्याची एक उडी मिळायची. प्यादं पहिल्या चालीला एकच घर. डाव सावकाश उघडायचा, राजा मध्ये राहिला तरी निभावायचं. त्या पटावर वाढलेले मीर सुलतान खान विलायतेत जाऊन १९२९, १९३२ आणि १९३३ ला ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन आले, पण आंतरराष्ट्रीय पद्धत नव्याने शिकूनच. ई४ ई५ झाल्यावर मधली रेघ चार चालींत उघडते. तिथे राजा ई१ वर ठेवून एच४ करण्याला देशी पटाचाही आधार नाही.

आणि हो, भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या गावात खरा पट शोधायला लांब जावं लागू नये. बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे याच गावच्या तालमीतल्या.

कृष्णाकाठ_६४

१५ + १० चे नऊ डाव झाले. ५ जिंकले, ३ हरले, १ बरोबरी. घोडा जी५ एकदाही केलं नाही. हरलेल्यांपैकी एकच मोहरा वर असताना, आणि तिथे नोंद बघितली तर सात सेकंद. हात मांडीखाली नव्हता.

एक शंका. पांढऱ्याने डी३, सी३, किल्लेकोट करून बसलोय. काळा उंट जी४ ला आणून माझा एफ३ चा घोडा बांधतो. एच३ केलं की उंट एच५. इथे मी दोनदा जी४ केलं, एकदा जिंकलो, एकदा राजासमोर भगदाड पडून हरलो. करायचं की नाही?

भडंग_स्पेशल

नऊ डाव म्हणजे काहीच न्हाई, पन्नास होऊ देत. पण सात सेकंद लिहून ठेवलंस हे झ्याक.

उंट_जी२ (मिरज)

काळ्याने किल्लेकोट केलाय का ते आधी बघ. केला नसेल तर जी४ ला तो उंट जी६ ला घेतो आणि एच५ करून तुझ्याच राजासमोरची एच रेघ उघडतो, त्याचा हत्ती एच८ वर तयारच असतो. किल्लेकोट केला असेल तरी एफ६ च्या घोड्याने जी४ वर दोन प्याद्यांसाठी घोडा द्यायचा डाव टाकता येतो का, ते मोजावं लागतं. घोडा×जी४, एच×जी४, उंट×जी४, आणि तुझा एफ३ चा घोडा पुन्हा बांधलेला, वर राजासमोरची जी आणि एच प्यादी गेलेली. तुझा राजा अजून ई१ वर असता तर जी४ बिनधास्त करता आलं असतं. इथे तुझी जुनी खोड कामाला आली असती, गंमत आहे.

किल्लेकोट झालेला असताना घाई करू नकोस. हत्ती ई१, बी१ चा घोडा डी२, एफ१, जी३. तो जी३ ला पोचला की एच५ च्या उंटावर मारा येतो. उंटाने एफ३ चा घोडा मारला तर वजिराने परत मार, दोन्ही उंट तुझ्याकडे राहतात. जी६ ला मागे गेला तर घोडा एच४ करून त्याच्यामागे लाग. मात्र एफ३ चा घोडा हलवायच्या आधी ई४ च्या प्याद्याला डी३ चा आधार आहे ना ते बघ, आणि काळ्याचा सी५ चा उंट एफ२ वर बघतोय तेही.